संगणक : तयार घ्यावा की जोडून?

मुलांच्या शिक्षणासाठी संगणक घ्यायचे ठरले की घराघरात एक प्रश्न निघतो. कंपनीचा तयार संगणक घ्यावा, की सुटे भाग आणून जोडून घ्यावा? वस्तीतले पालक हा प्रश्न मलाही विचारतात. मी काही इंजिनियर नाही. बी. कॉम. झालेला, कार्यालयात फायली आणि बिले सांभाळणारा कारकून आहे. पण घरचा एक आणि वस्तीतल्या अभ्यासिकेचे तीन, अशा चार संगणकांची खरेदी माझ्या हातून झाली. त्यातून जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

संगणक जोडता येतो तो का, हे आधी पाहू. 1981 साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यातले बरेच भाग बाहेरून घेतले होते. प्रोसेसर इंटेलचा होता आणि यंत्र चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची. यंत्राच्या रचनेची माहितीही कंपनीने छापली. त्यामुळे त्याला जुळणारी यंत्रे आणि भाग इतर कंपन्या बनवू लागल्या. पुढे 1995 मध्ये इंटेलने बोर्डासाठी एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. म्हणून आज मदरबोर्ड एका कंपनीचा आणि कॅबिनेट दुसरीचे असले तरी स्क्रूची भोके बरोबर जुळतात. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडचा सुट्या भागांचा बाजार याच जुळणीवर उभा आहे.

माझी मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे. ती म्हणाली, "पप्पा, आपण असेंबल करू. मीच जोडते." तिची आई मात्र तयार संगणकाच्या बाजूने होती. "अहो, पतपेढीचं कर्ज काढून घेताय. बिघडला तर कुणाच्या दारात जायचं?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. सगळा निर्णय याच प्रश्नावर ठरतो. तयार संगणकाची जबाबदारी एकाच कंपनीची असते. साधारण एक वर्षाची वॉरंटी मिळते, जादा पैसे भरले तर ती वाढवता येते आणि माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो. जोडलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. डबाबंद प्रोसेसरला साधारण तीन वर्षे आणि रॅमला बहुधा त्याहून जास्त वॉरंटी मिळते. मुदत मोठी, पण कोणता भाग बिघडला हे आपल्यालाच ओळखावे लागते आणि तो घेऊन आपल्यालाच जावे लागते.

म्हणून मी मुलीला सांगितले, की भागांची यादी तू कर आणि प्रत्येक भाग कशासाठी ते आईला समजावून सांग. तिने दोन रात्री बसून यादी केली. त्या तयारीचा उपयोग दुकानात झाला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा इंटेलचा एफ वाला घ्या, स्वस्त पडेल." मुलीने लगेच विचारले, "मग ग्राफिक कार्ड वेगळं घ्यावं लागेल ना?" ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असते, त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे कार्ड न घेता तो बसवला तर पडदा काळाच राहतो.

पुढचा सल्ला असा आला : "बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील." चाळीस हजारांच्या मालावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 7,200 रुपये. आपल्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही. पण उद्या भाग बिघडला तर दाखवायला हातात कागद नको का? मी बिल घेतले आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घेतला. चोरीची विंडोज फुकट टाकून देण्याची तयारीही दुकानदाराने दाखवली. तीही आम्ही नाकारली. मुलीने लिनक्स घातले, ते विनामूल्य आहे. पण ज्या मुलांना टॅली शिकायचे आहे त्यांना विंडोज लागतेच. तिचा खर्च हिशेबात धरावा. तयार संगणकात ती बहुधा आधीच असते. त्यामुळे साध्या कामाच्या संगणकात जोडून घेणे स्वस्तच पडेल असे नाही.

रविवारी चटईवर वर्तमानपत्र पसरून मुलीने जोडणी केली. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवला. सगळे झाल्यावर बटण दाबले. पंखा फिरला, पण पडद्यावर काहीच नाही. तिच्या आईने माझ्याकडे पाहिले, मी कर्जाच्या हप्त्यांचा विचार करू लागलो. मुलगी शांत होती. तिने वीज बंद केली, रॅम काढली आणि 'टक' आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवली. पडदा उजळला.

तेव्हा मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते गिरणीत रिंग खात्यात होते. आवाज बदलला की यंत्राचे काय दुखते ते त्यांना कळे. पण यंत्र उघडायचे ते फिटरने. आयुष्य यंत्राजवळ गेले, पण त्याच्या पोटात हात घालायची मुभा मिळाली नाही. नातीने तो हात घातला. या जोडणीत आमच्या घराने कमावले ते हे.

मग अभ्यासिकेसाठी आम्ही काय केले? तिथे तीनही संगणक तयार घेतले, तीन वर्षांच्या घरपोच सेवेसह. तो पैसा घरोघरच्या वर्गणीचा होता. स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरायला मुले तिथे येतात आणि शेवटच्या तारखेला यंत्र बंद पडून चालत नाही. आज जोडणारा मुलगा उद्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, तर जबाबदार कोण? घराला जे योग्य ते संस्थेला योग्य असतेच असे नाही.

तेव्हा पालकांनो, आधी पाहा की दुरुस्तीची जबाबदारी कोण घेणार. घरात शिकण्याची हौस असलेले मूल असेल तर जरूर जोडून घ्या. त्यात पुढे वाढ करणे सोपे जाते. उदाहरणार्थ, एएमडीच्या एएम-4 सॉकेटचे अनेक बोर्ड 2017 चे असूनही, बायोस अद्ययावत केल्यावर, 2020 साली निघालेले प्रोसेसर चालवतात. उलट काही तयार संगणकांत बोर्ड आणि वीजपुरवठ्याचा डबा कंपनीच्याच खास मापाचा असतो, बाजारातला बसत नाही. घरात असे कुणी नसेल तर तयार घ्या, त्यात कमीपणा नाही. मूल रोज यंत्र कॉलेजात नेणार असेल तर लॅपटॉपच घ्यावा लागेल. भाव मात्र त्या दिवशीचा विचारा. 2025 च्या अखेरीस रॅमचे दर कसे चढले ते घेणाऱ्यांना ठाऊक आहे. आणि काहीही घ्या, पक्के बिल घ्या.

तयार घेतलात तरी एक करा. वॉरंटी संपली की एखाद्या रविवारी वायर काढून कॅबिनेटची बाजू मुलांसमोर उघडा. हा प्रोसेसर, ही रॅम, हा पंखा, असे त्यांच्याकडून म्हणवून घ्या. धूळ त्यांनाच पुसू द्या. वापरायला तर सगळेच शिकतात. आपल्या मुलामुलींना आत काय आहे तेही कळू द्या.