गोधडी

2009 च्या पावसाळ्यात सांगलीच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक भिजलेलं मांजर येऊन बसलं. अंगावर पांढऱ्या, काळ्या आणि तांबूस रंगाचे तुकडे, हाताला लागतील तसे जोडल्यासारखे. आजी म्हणाली, "अगं, ही तर गोधडीच!" तेच नाव पडलं. असे तीन रंग अंगावर असले की मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, हे आम्हाला पुढे कळलं. त्याआधी तिचं पोट दिसू लागलं होतं.

पहिल्या खेपेला ती माळ्यावर, जुन्या ट्रंकेमागे व्याली. चार पिल्लं झाली. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री बोका शिरला आणि सकाळी दोनच उरली. गोधडी दोन दिवस माळ्याचा कोपरा न् कोपरा हुंगत, घशातून बारीक हाक काढत फिरत होती. उरलेली दोन पिल्लं अजून तिला पीत होती, तोवर ती पुन्हा गाभण. मांजराचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ते गाभण राहू शकतं. दुसऱ्या विणीनंतर तिच्या पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येऊ लागले. तेव्हा आईने ठरवलं, आता ऑपरेशन करायचं.

आजीला ते पटेना. "मुक्या जिवाला विचारलंत का? तिचं आईपण काढून घेणारे आपण कोण?" आई गप्प राहिली. विचारलं नव्हतं हे खरंच होतं.

डॉक्टरांनी लगेच तारीख दिली नाही. पिल्लं स्वतः खाऊ लागू देत, हिचं दूध आटू देत, तोवर हिला दाराबाहेर सोडू नका, म्हणाले. मधल्या काळात रेबीजची लस झाली, रक्त तपासून झालं, वजन झालं: दोन किलो आठशे ग्रॅम. भूल वजनावर ठरते, त्यामुळे अंदाज चालत नाही. पिल्लांना दोन चांगली घरं मिळाली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री दहानंतर खाणं बंद, पाणी मात्र सकाळपर्यंत चालेल, असं बजावून सांगितलेलं होतं.

पहाटे पाचला गोधडी आजीच्या पायांत घुटमळू लागली. आजीच्याने राहवलं नाही. वाटीभर दूध तिने पुढे ठेवलं आणि दवाखान्यात पोहोचल्यावर तिनेच ते सांगितलं. डॉक्टरांनी पेटीचं दार उघडलंसुद्धा नाही. "आजी, भुलीत गिळण्यावर ताबा राहत नाही. पोटातलं वर आलं की ते श्वासनलिकेत उतरतं. ते दूध आज हिच्या फुप्फुसात गेलं असतं." आजी परतीच्या रिक्षात पेटी मांडीवर घट्ट धरून बसली होती. एक शब्द बोलली नाही.

आठवड्याने पुन्हा गेलो. या वेळी ताटली आजीनेच उचलून ठेवली होती.

गोधडी परत मिळाली ती टॉवेलात गुंडाळलेली, सताड उघड्या डोळ्यांनी. मी घाबरले. भुलीत मांजराचे डोळे मिटत नाहीत, म्हणून त्यात मलम घातलं होतं. डाव्या कुशीवरचे केस तासलेले आणि त्या उघड्या गुलाबी कातडीवर दीड इंचाची टाक्यांची रेघ. गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश एवढ्याशा फटीतून काढले होते. तिला जमिनीवरच अंथरूण केलं, कारण अर्धवट शुद्धीत ती पलंगावरून पडली असती. भुलीने अंग गार पडतं म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली. रात्री तिने मान उचलली, दोन पावलं झोकांड्या खात टाकली आणि आजीच्या पायाशी कलंडली. ती कण्हत होती. मी डब्यातून तापाची गोळी काढली तेव्हा आईने ती हातातून हिसकावून घेतली. पॅरासिटामॉल माणसाचं यकृत पचवतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. अर्धी गोळीही जिवावर बेतते. डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध, तेवढंच द्यायचं.

आजी रात्रभर जागी होती. अंधारातच म्हणाली, "माझी सात बाळंतपणं. दोन पोरं हातातून गेली. मला तरी कुणी विचारलं होतं?" मग बराच वेळाने, "हिची सुटली."

पुढचे दहा दिवस टाके चाटू न देण्यात गेले. विकतची कॉलर तिने पहिल्याच दिवशी उचकटली, तेव्हा आईने आजोबांच्या छातीचा जुना एक्स-रे गोल कापला, कडांना कापडी पट्टी शिवली आणि तो तिच्या गळ्यात बांधला. दिव्यासमोर ती बसली की आजोबांच्या बरगड्या भिंतीवर उमटायच्या. आजी तिकडे बघत राहायची. कॉलरीमुळे वाटीत तोंड पोचेना, म्हणून उथळ ताटली आली. तिला अंग चाटता येईना, म्हणून आजी ओल्या फडक्याने तिचं तोंड आणि पाय पुसू लागली. जखमेला मात्र पाणी लागू द्यायचं नव्हतं. माळ्याची शिडी काढून ठेवली. मातीची धूळ टाक्यांत जाऊ नये म्हणून तिच्या शी-शूच्या टोपलीत वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्या. सकाळ-संध्याकाळ आजी चष्मा लावून टाके बघायची: लाली वाढली का, सूज आली का, पाणी सुटलं का, वास येतो का. दहाव्या दिवशी टाके निघाले. कॉलर सुटताच गोधडी तासभर फक्त स्वतःला चाटत बसली होती.

त्यानंतर ती भरली. मणके दिसेनासे झाले. भूक वाढते म्हणून खाणं मोजून द्यावं लागे. बोके अंगणात यायचे, हुंगून निघून जायचे. ती आणखी तेरा वर्षं जगली, त्यातली सहा आजीच्या मांडीवर. तिथे ती पसरली की आजीची बोटं आपोआप डाव्या कुशीकडे जायची आणि केसांखालची ती रेघ चाचपायची.

एकदा गल्लीतली एक मुलगी आपल्या मांजरीचं ऑपरेशन उद्या आहे म्हणून सांगायला आली. आजीने तिला पायरीवर बसवलं. "रात्री दहाला ताटली उचलायची. पहाटे ती पायांत येईल, डोळ्यांत बघेल. द्यायचं नाही. कितीही पोटात तुटलं तरी नाही." मग गोधडीवरचा हात न काढता म्हणाली, "माया नंतर दहा दिवस करायचीय. तेव्हा कमी पडू देऊ नकोस."