शंभर पॉइंट चार

आमच्या बोईसरला पावसाळ्यात कुणाच्या पेशी कमी झाल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "डेंग्यू का?" उत्तर येईपर्यंत दुसरा कुणीतरी पपईचा पाला शोधायला निघालेला असतो. माझ्या दुसऱ्या केमोनंतर पांढऱ्या पेशी पडल्याची बातमी बिल्डिंगमध्ये पसरली आणि संध्याकाळपर्यंत दारात पाल्याच्या जुड्या येऊन पडल्या. आणणाऱ्यांची माया खरी होती. पण डेंग्यूत ज्यांच्यासाठी धावाधाव चालते त्या प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या. माझ्या पडल्या होत्या त्या जंतूंशी झुंजणाऱ्या, आणि कच्च्या पाल्याचा रस पोटात घालणं त्या आठवड्यात मला परवडणारं नव्हतं. सासूबाईंनी जुड्या मागच्या गॅलरीत नेऊन ठेवल्या आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "घेतला हो तिने, घेतला."

मला स्तनाचा कॅन्सर निघाला होता. परळच्या टाटा मेमोरियलला ऑपरेशन झालं आणि मग दर 21 दिवसांनी केमो सुरू झाली. दोन औषधं एकत्र होती. एक लाल रंगाचं, ज्याला तिथल्या बायका नुसतं 'लाल औषध' म्हणतात. ते घेतलं की दिवसभर लघवीही लालसर होते. दुसरं पाण्यासारखं, सायक्लोफॉस्फमाइड नावाचं. या दुसऱ्याच्या घराण्याची गोष्ट मी पुढे वाचली. 2 डिसेंबर 1943 ला जर्मन विमानांनी इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्ब टाकले. तिथल्या एका अमेरिकी जहाजात मस्टर्ड वायूचे बॉम्ब गुपचूप भरून ठेवले होते. ते फुटल्यावर जे खलाशी त्यात सापडले त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्याचं तपासायला गेलेल्या डॉक्टरांना दिसलं. त्याच सुमारास अमेरिकेत मस्टर्डच्याच जातीचं रसायन लिम्फोमाच्या रुग्णांना देऊन बघणं सुरू झालं होतं. भराभर वाढणाऱ्या पेशी हे रसायन मारतं, मग कॅन्सरच्याही मारेल, असा तो हिशेब. माझ्या शिरेत जाणारं औषध त्याच कुळातलं. रसायनांच्या गावात राहणाऱ्या बाईला या माहितीचं फारसं नवल वाटलं नाही, एवढंच.

कॅन्सर कशामुळे झाला यावर नातेवाइकांमध्ये दोन तट होते: एमआयडीसीचा धूर आणि तारापूरचं अणुवीजकेंद्र. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, एका रुग्णाच्या बाबतीत असं बोट ठेवता येत नाही. मी तो विषय तिथेच सोडला. ज्या प्रश्नाच्या उत्तराने उद्याच्या औषधात काही फरक पडणार नाही त्यावर रात्री जागवायला माझ्याकडे ताकद नव्हती.

केमोचा दिवस त्यामानाने सोपा. आदल्या दिवशी बोईसरलाच रक्त द्यायचं, रिपोर्ट मोबाइलवर यायचा, काउंट बरा असला तर पहाटेची गाडी पकडून दादर. मास्क लावून, जमलं तर खिडकीत. काउंट बरा असतो म्हणूनच केमो देतात, त्यामुळे जातानाची भीती नसते. सांभाळायचे दिवस नंतर येतात, साधारण सातव्यापासून चौदाव्यापर्यंत. आपल्या हाडातला मगज रोज 100 अब्जांच्या घरात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तयार करतो. रक्तात त्यांचं आयुष्य तासांत मोजावं इतकं थोडकं, त्यामुळे नवा माल सतत यावा लागतो. केमोने मगजातलं हे काम काही दिवस थंडावतं. आधीच्या पेशी संपतात, नव्या आलेल्या नसतात, आणि मधल्या त्या खिंडीत माणूस उघडा पडतो. तिसऱ्या आठवड्यात मगज सावरतो, म्हणून पुढची केमो 21 दिवसांनी.

पहिल्या केमोनंतर रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी 2600 आल्या. नेहमीचा आकडा 4000 ते 11000. घरात रडारड. तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने फोनवर मला हिशेब शिकवला. एकूण आकड्यावर जायचं नाही. त्याला न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणायचं आणि शंभराने भागायचं. माझे न्यूट्रोफिल 60 टक्के होते, म्हणजे 1560. "1500 च्या वर आहात, जेवा आणि झोपा," सिस्टर म्हणाल्या. 1500 च्या खाली कमी म्हणायचं, 1000 च्या खाली जपायचं आणि 500 च्या खाली गेलं की ताप आला तर घड्याळ लावायचं. 1966 मध्ये जेराल्ड बोडी या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांचे आकडे मांडून दाखवलं होतं की या पेशी जितक्या कमी आणि जितके दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त. ल्युकेमियात हे दिवस आठवड्यांवर जातात. माझ्यासारखीचे थोडक्यात आटोपतात.

दुसऱ्या केमोनंतरचा तो आठवडा नेमका गणपतीत आला.

आमचा गणपती तारापूरच्या जुन्या घरात बसतो, दीड दिवसाचा. दीर-जाऊ तिथे राहतात. मखर, नैवेद्य, आरतीला दाटीवाटीने उभी असलेली माणसं, प्रत्येक घरात एखादं शेंबडं पोर. मी जायचं नाही असं ठरलं आणि त्यावरून थोडं बोलणंही झालं. चुलतसासूबाईंचं म्हणणं, देवाच्या दारात कसला आलाय संसर्ग. जाऊबाईंनी मात्र फार शहाणपणाने निभावलं. त्यांनी आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला आणि मोदक वाफेवरून उतरल्याबरोबर झाकणाच्या डब्यात भरून दिरांच्या हाती पाठवले. फुलं आणि दूर्वा पाठवल्या नाहीत. फुलदाणीच्या पाण्यात आणि ओल्या मातीत जंतू आणि बुरशी वाढते, हे त्यांना मी एकदाच सांगितलं होतं.

पथ्याच्या बाबतीत लोक फार छळतात. एकीने मला सांगितलं, फळाला हातच लावू नकोस. डॉक्टर तेवढे कडक नव्हते. कच्चं अजिबात वर्ज्य केल्याने संसर्ग कमी होतो असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही, त्यांचा भर हात धुण्यावर होता. ताजं शिजवलेलं खा, पाणी उकळून प्या, उसाचा रस, बर्फगोळा आणि पाणीपुरी नको, फळ धुऊन घरी सोललेलं चालेल. डहाणूच्या पट्ट्यात राहून चिकू सोडायचा म्हणजे शिक्षाच, ती टळली. मला खरं नवल वाटलं ते पुढच्या वाक्याचं. अशा वेळी घातक ठरणारे जंतू बरेचदा बाहेरून येतच नाहीत, ते आपल्याच तोंडात, आतड्यात आणि कातडीवर असतात. केमोने तोंड आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि त्यांना वाट मिळते. म्हणून मऊ ब्रश, मीठ आणि खायच्या सोड्याच्या चुळा, पोट साफ राहील याची काळजी, एनिमा नाही, ब्लेड नाही, दाताचं काम पुढे ढकलायचं. शेजाऱ्यांनी गणपतीआधी बाथरूमच्या फरशा फोडायला काढल्या तेव्हा मात्र नवऱ्याने जाऊन हात जोडले. त्या धुळीत बुरशीचे कण असतात. भल्या माणसांनी काम महिनाभर थांबवलं.

विसर्जन करून नवरा आणि मुलगा परत आले त्या रात्री मला अंग मोडून आल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "काही नाही गं, कसर आहे." थर्मामीटर तोंडात धरला तर 100.8.

फाइलमध्ये पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलं होतं: 100.4 किंवा वर गेला की फोन करा, मनाने क्रोसिन घेऊ नका. सेल्सियसमध्ये तो आकडा 38. ताप उतरवणारी गोळी घेतली की आकडा खाली येतो, जंतू मात्र आपलं काम करत राहतो आणि आपण सकाळपर्यंत निवांत झोपतो. नवऱ्याने फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न, "आत्ता कुठे आहात?" बोईसर म्हटल्यावर स्पष्ट सांगितलं, इकडे यायला निघू नका. जवळच्या, रात्री दाखल करून घेणाऱ्या हॉस्पिटलात जा, रक्ताचं कल्चर घेऊ द्या आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करा, तासाभराच्या आत. बाकीचं नंतर ठरवू.

परळ आमच्यापासून शंभर किलोमीटर. रात्री शेवटच्या गाड्या गेलेल्या, चिल्हार फाट्यावरून हायवेला लागायचं आणि पुढे गणपतीची गर्दी. तासाभरात पोचणं शक्यच नव्हतं. आम्ही रिक्षाने गावातल्याच एका हॉस्पिटलात गेलो.

ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्याने घसा बघितला, स्वच्छ. छाती ऐकली, स्वच्छ. हाताला सलाइनच्या जागी ना लाली ना सूज. बीपी ठीक. "व्हायरल वाटतंय, डेंग्यू-मलेरिया करून घेऊ," तो म्हणाला. आमच्याकडच्या पावसाळ्यात कुठलाही डॉक्टर हेच म्हणेल, आणि डेंग्यूतही पांढऱ्या पेशी पडतातच. मी टाटाच्या डॉक्टरांनी दिलेलं पत्र पुढे केलं. ते त्याने उभ्यानेच वाचलं आणि खुर्ची ओढून बसला. मग जे म्हणाला ते मी विसरणार नाही, "घसा लाल दिसायलाही पेशी लागतात." पू म्हणजे मेलेल्या न्यूट्रोफिलचाच ढीग. सूज, लाली, एक्स-रेतला डाग, हे सगळं बऱ्याच अंशी या पेशींनी घातलेल्या गोंधळाचं रूप. पेशीच नसल्या तर आत आग लागलेली असली तरी बाहेर धूर दिसत नाही. उरते एकच खूण, ताप.

त्याने दोन ठिकाणांहून कल्चरच्या बाटल्या भरून घेतल्या आणि रिपोर्टची वाट न बघता पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची बाटली लावली. रिपोर्ट नंतर आला. एकूण 1800, न्यूट्रोफिल 22 टक्के. पडल्या पडल्या मीच मोबाइलवर गुणाकार केला. 396.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. ते ऐकून घरच्यांना वाटलं, मग एवढा खटाटोप कशाला केला. अशा तापात निम्म्याहून अधिक वेळा जंतू हाती लागतच नाही, आणि जिथे लागतो तिथे तो तुमची वाट बघत थांबलेला नसतो. काही तासांत बीपी कोसळून माणूस जाऊ शकतो. काही रुग्णांना, ज्यांची तब्येत बाकी चांगली आहे, गोळ्या देऊन घरीही पाठवतात. पण ते डॉक्टरने तपासून ठरवायचं, सासूबाईंच्या हाताने नव्हे.

पुढच्या केमोपासून मला 'काउंटचं इंजेक्शन' सुरू झालं. फिल्ग्रास्टिम. मगजाला नवीन पेशी करायला हुकूम देणारं प्रथिन, 1991 पासून बाजारात आहे. केमो संपल्यावर निदान 24 तासांनी सुरू करायचं, रोज पोटाच्या कातडीखाली, आणि ते 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं. 1969 पासून वीज करणारं देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र उशाला, आणि पाऊस झोडपायला लागला की आमचा फ्रीज बंद! नवरा बर्फाच्या थर्मासात सिरिंज घालून बसायचा. इंजेक्शनानंतर कंबरेची आणि छातीची हाडं ठणकायची. मगज कामाला लागल्याचा तो ठणका आहे हे कळल्यावर त्याचं मला बरंच वाटायचं. काउंट पुन्हा तेवढा खाली गेला नाही.

या सगळ्यात माझ्या नणंदेला एक गोष्ट कळली. ती थायरॉइड जास्त असल्याने कार्बिमॅझोल घेते. त्या गोळीनेही क्वचित कुणाच्या न्यूट्रोफिल एकदम कोसळतात, म्हणून घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि रक्त तपासायचं असतं. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आणि स्किझोफ्रेनियाची क्लोझापिन यांनाही नियमित रक्ततपासणी याचसाठी. कॅन्सर नसलेल्या घरातही हा आकडा लागतो.

पालघर, डहाणू, जव्हार, विक्रमगडकडून मुंबईला केमोला जाणाऱ्यांना मला एकच सांगायचं आहे. पुढच्या केमोआधी, दिवसाउजेडी, तब्येत बरी असताना, जवळच्या हॉस्पिटलात जाऊन या. रात्री दाखल करून घेता का, कल्चरच्या बाटल्या असतात का, शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक लगेच मिळेल का, हे तिथे विचारा. तुमच्या डॉक्टरांकडून औषधांची नावं आणि फोन नंबर असलेलं पत्र मागून घ्या, त्याची एक प्रत तिथे देऊन ठेवा आणि एक थर्मामीटरबरोबर ठेवा. हॉस्पिटलच्या दारात शिरल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणा: "माझी केमो चालू आहे आणि मला ताप आहे."