गुलशन महालची सहल आणि आमची फसलेली फिल्म

मुलांनो, शाळांच्या व्हिडिओ महोत्सवाला तुम्हीही फिल्म पाठवणार आहात का? मग आधी माझ्याबरोबर मुंबईला चला! कशाला, ते सांगतो. पण त्याआधी आमची फजिती ऐका.

आमची शाळा लासलगावजवळची. आठवीच्या मुलांनी मोबाइलवर कांद्याच्या चाळीची फिल्म केली. कांद्याची चाळ म्हणजे चहूबाजूंनी वारा खेळेल अशी लांबलचक खोली. उन्हाळी कांदा तिथे महिनोन्‌महिने राहतो. एक सडला की शेजारचेही बिघडतात, म्हणून सडके कांदे हातानं निवडून काढावे लागतात. वर्गातल्या एका मुलीची आजी हेच काम करता करता बोलत होती. मुलांनी झकास शूटिंग केलं, त्यावर सिनेमातलं एक गाजलेलं गाणं चढवलं आणि प्रवेशिका पाठवून दिली.

आणि काय, ती बाद झाली! दुसऱ्याचं गाणं परवानगीशिवाय वापरायचं नाही, असं नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. पण नियम वाचले होते कोणी? मीसुद्धा नाही!

"त्यात काय सर, गाणं काढून टाकू," मुलं म्हणाली. पण मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून मूळ शूटिंग केव्हाच पुसलेलं. आजीचा आवाज गाण्याखाली दबला तो दबलाच. नव्यानं शूटिंग करावं, तर चाळ रिकामी झालेली. ती मुलगी अगदी रडकुंडीला आली.

दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्यांना घेऊन निघालो. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली, दादरला उतरलो, लोकलनं ग्रँट रोड आणि तिथून पेडर रोड. तिथेच आहे गुलशन महाल! एकोणिसाव्या शतकातला हा जुना बंगला आणि त्याच्याजवळची नवी इमारत मिळून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय झालं आहे. ते २०१९च्या जानेवारीत सुरू झालं. बंगल्यात मूकपट, बोलपट असा सिनेमाचा प्रवास क्रमानं पाहायला मिळतो. नव्या इमारतीत तर खास मुलांसाठी स्टुडिओ आहे. कॅमेरा, प्रकाश, अभिनय यांची गंमत तिथे कळते. आमची पोरं तिथून हलायलाच तयार नव्हती!

पण आमचं खरं काम होतं दादासाहेब फाळक्यांशी. फाळके आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे, बरं का! १९१२ साली त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. पण सिनेमाला पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी काय केलं असेल? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि जवळजवळ महिनाभर रोज थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर पाहावं तर काय, बघता बघता अंकुर फुटून रोप वाढतंय! पाहणारे थक्क झाले आणि पैसेही उभे राहिले. मग ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत पत्नी सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीनं राबत होत्या.

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. मोबाइल एका जागी पक्का बसवा. दर अर्ध्या तासाला एक फोटो, म्हणजे दिवसाला ४८. ३० दिवसांत झाले १४४०. सेकंदाला २४ या वेगानं दाखवले, तर बरोबर ६० सेकंदांची फिल्म! एका मिनिटासाठी एक महिना.

परतीच्या गाडीत ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, म्हणजे थांबावंच लागतं ना?"

आम्ही थांबलो. पुढच्या उन्हाळ्यात चाळ पुन्हा भरली. पावसाळ्यात निवडणी सुरू झाली तेव्हा मुलगी मोबाइल घेऊन आजीजवळ जाऊन बसली. तिनं आधी आजीची परवानगी विचारली. आजी म्हणाली, "घे की! मागं मी एवढी बोलले, अन् तू वर गाणंच लावून ठेवलं!" या वेळी गाणं नव्हतं. पत्र्यावरचा पाऊस, कांद्याच्या टरफलांची सळसळ आणि "हा ठेव, हा काढ" म्हणणारी आजी, एवढंच. मूळ शूटिंग दोन ठिकाणी जपून ठेवलं. नियमांचा कागद तर वर्गाच्या भिंतीवरच चिकटवला!

प्रवेशिका गेली आहे, निकाल यायचाय. पण गावात फिल्म दाखवली, तेव्हा आजी स्वतःचा आवाज ऐकून पदरानं तोंड झाकून हसत होती. आमचं निम्मं बक्षीस तिथेच मिळालं.

मग, तुम्ही कोणाचा आवाज टिपणार? आणि हो, गुलशन महालला कधी जाताय?