कानानं पाहिलेली कुस्ती

सुगी आटोपली की आमच्या गडहिंग्लज तालुक्यात यात्रांचा हंगाम सुरू होतो, आणि यात्रा म्हटली की दुपारनंतर कुस्त्यांचं मैदान ठरलेलं. नेसरीतले आम्ही काही जण या मैदानांचे जुने शौकीन. एक गवंडीकाम करतो, एक साखर कारखान्यातून निवृत्त झालाय, एक पिढीजात हलगीवादक आहे आणि मी शाळेत मास्तर होतो. सकाळची वैरण-धार उरकायची, वडापच्या जीपमधून निघायचं, हौद्याच्या कडेला जागा धरायची आणि नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून एक नंबरच्या जोडीपर्यंत जागचं हलायचं नाही, हा आमचा नेम.

गेल्या हंगामातल्या एका मैदानावर कुस्ती रंगायची होती. दोन्ही पैलवानांची नुसती खडाखडी चालली होती. आमच्या कारखानेवाल्या मित्रानं उन्हानं शिणून डोळे मिटले होते. मान तेवढी हलगीच्या ठेक्यावर हलत होती. मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "आता पट काढतोय बघ." दुसऱ्या क्षणी निळ्या लांगेचा पैलवान खाली घुसला आणि त्यानं पट काढला. मैदान उठून उभं राहिलं. मी विचारलं, "तुला कसं कळलं रे?" तो म्हणाला, "हलगी बदलली की! लहानपणी भजनात पखवाज शिकलोय मी. ठेक्याचा हात बदलला की मला अंगात कळतंय."

तिथून बोलणं वाद्यांवर गेलं, ते परतीच्या जीपमध्येही संपलं नाही. कुस्तीच्या नादानं एकत्र आलेल्या आमच्यातला प्रत्येक जण लहानपणी काही ना काही वाजवायला शिकला होता. इतक्या वर्षांच्या सोबतीत हे कधी निघालंच नव्हतं.

माझ्या वाट्याला पेटी आली होती. पाचवीत असताना वडिलांनी मला देवळातल्या भजनी मंडळाच्या पेटीमास्तरांकडं बसवलं. मास्तर दिवसा शेतात राबायचे आणि रात्री जेवणं झाल्यावर देवळात शिकवायचे. सुरुवातीला त्यांनी पट्ट्यांना बोटही लावू दिलं नाही. डाव्या हातानं भाता मारायचा, एवढंच. "सूर मागनं येतोय. आधी वारं राखायला शीक," असं म्हणायचे. भाता जोरात मारला तर सूर किंचाळतो, हात रेंगाळला तर सूर मरतो. दोन्हींच्या मधलं, सारखं आणि शांत वारं राखायला मला फार दिवस लागले. मग सा रे ग म, मग अलंकार, मग काळी दोनमध्ये अभंगाची चाल. मंडळातले बुवा आलाप लांबवायचे तेव्हा मागं न राहता आणि पुढंही न पळता त्यांच्यासोबत राहायचं, हा त्यातला अवघड भाग.

आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. तिच्यावर मींड येत नाही, श्रुती लागत नाहीत, हा आक्षेप. त्याच काळात आमच्याकडच्या देवळादेवळांत, सोंगी भजनांत, तमाशाच्या फडांत हीच पेटी पोरांना सुरांची ओळख करून देत होती. आणि कोल्हापूरला तर गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसानं हिच्यातून असं गाणं काढलं होतं की भले भले गवई त्यांना साथीला घेत. आमच्या मास्तरांना टेंब्यांचा केवढा अभिमान! नाव घेताना ते कानाच्या पाळीला हात लावायचे.

पेटीनं मला कुस्ती पाहायला शिकवली, हे मी आज ठामपणे सांगतो. खडाखडी सुरू असताना नवखा प्रेक्षक कंटाळतो, "लावा की रं कुस्ती!" म्हणून ओरडतो. मी त्या वेळी पैलवानाच्या छातीकडं पाहतो. कोण दम राखतोय, कोण उधळतोय, हे तिथं दिसतं. दम राखणारा पैलवान शेवटी वरचढ ठरतो, असा माझा अनुभव आहे. आणि दम राखणं म्हणजे काय, ते मला त्या भात्यानं दाखवलं.

पखवाजवाल्या मित्राची आठवण कणकेची निघाली. पखवाजाच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक थापतात, तेव्हा तो घुमारदार आवाज येतो. भजन संपलं की ती खरवडून काढायची. त्याच्या घरी भात आणि नाचणीची भाकरी असायची, गव्हाचं पीठ सणालाच दिसायचं. तरी दर एकादशीला आई वाटीत मोजून कणीक काढून ठेवायची. "भावंडं चपातीसाठी रडायची आणि आई माझ्या पखवाजाला कणीक द्यायची. म्हणून माझा हात कधी चुकारपणा करत न्हवता," तो म्हणाला. त्याचे बुवा आधी बोल तोंडानं म्हणून घ्यायचे. मांडीवर टाळी देत आठ मात्रांचा भजनी ठेका बिनचूक आला तरच पखवाजापाशी बसता यायचं. सम कुठं येते ते कळायला वेळ लागतो, पण एकदा कळली की माणूस समेच्या आधीच्या मात्रेला सावध होतो. पट निघणार हे त्याला कळलं, त्यामागं हेच होतं.

गवंडी मित्र शाळेच्या बँडात ढोल वाजवायचा. नेसरीच्या पोरांना बँडाचा आणि लेझमाचा एक जास्तीचा मान असतो. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही वीर कामी आले, ती ही नेसरीची खिंड. तिथल्या स्मारकाला मानवंदना द्यायला ढोल गळ्यात अडकवून चालत गेल्याचं तो आजही छाती फुगवून सांगतो. "पाऊल आणि टिपरू एका वक्ताला पडलं पायजे. चुकलं तर मागची सगळी रांग चुकतीया." आता तो कुस्ती पाहताना पैलवानांचे पाय पाहतो. पाय जागा सोडतो तिथं डाव लागतो, हे त्याचं सूत्र.

हे सगळं होईपर्यंत हलगीवादक मित्र ऐकत होता. मग तो बोलायला लागला, आणि आम्ही सगळे गप्प झालो.

"मला कुणी शिकवलं न्हाई. आज्जा वाजवायचा आणि मी पाचट पेटवायचो." कातड्याची हलगी गारठ्यानं सैल पडते. वाजवण्याआधी ती जाळावर धरून तापवावी लागते, आणि मैदान लांबलं तर मध्ये पुन्हा तापवावी लागते. जाळ किती असावा, कातडं कुठल्या बाजूनं फिरवावं, टिचकी मारल्यावर कसा आवाज आला की ती वाजायला तयार झाली, हे तो आधी शिकला. वाजवायला शिकला तो रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक लवचीक काडी. टिपरू चाल सांगतं, काडी तिच्या मधल्या जागा भरते. दोन हातांनी दोन वेगळी कामं करायची आणि ऐकणाऱ्याला मात्र एकच चाल ऐकू यायला हवी.

त्याचं बालपण आजोळी, घटप्रभेच्या काठच्या एका खेड्यात गेलं. "तिथं देवळात भजन रंगायचं. आम्हांस्नी आत कोण घेत न्हवतं. मी पायरीखाली उभारून ऐकायचो. ठेका पाठ झाला की घरला येऊन हलगीवर काढायचो." गावात लग्न असो, मयत असो, दवंडी असो, हलगी त्याच्या घराला वाजवावीच लागायची. ठरावीक समाजांच्या वाट्याला गावानं टाकलेलं ते काम होतं. त्याचं मोल म्हणजे मूठभर धान्य, आणि मान तर नाहीच. "तुमी शिकलासा ती कला. मी शिकलो ती चाकरी हुती. खरं वाजवताना मला कवाच तसं वाटलं न्हाई. हलगी अंगाला लावली की मी राजा."

त्यानं आम्हांला मैदानातली हलगी उलगडून सांगितली. पैलवान मैदानाला फेरी मारतो तेव्हा चाल मोकळी, ऐटीची. जोडी मातीत उतरून हात मिळवते तेव्हा ती संथ होते. खडाखडीत घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं मागं राहतात, हलगी एकटी बोलते. पैलवानाचा खांदा उतरला, पाय मागं सरकला की हात चढवायचा. पकड बसली की दोन्ही हात पळवायचे. एखादा पैलवान खाली अडकून पडला, दमला, तर त्याच्या कानापाशी जाऊन वाजवायचं. "हलगी ऐकून गडी उठतोय. मी किती डाव बघितलंय तसं. वस्ताद बाहेरनं वरडतोय ते त्याला ऐकू येत न्हाई, हलगी येतीया." आणि पाठ मातीला लागली की एकच कडक ठोका. निकाल पंचाच्या आधी हलगीनं दिलेला असतो.

म्हणजे तो कुस्ती पाहून वाजवत होता आणि आम्ही ते ऐकून कुस्ती पाहत होतो. आमच्या पेटी-पखवाजांनी कान तयार केला होता; त्या कानाला कुस्ती कळत होती ती याच्या हातांमुळं.

कोल्हापूरच्या मातीत हे दोन्ही नाद आधीपासून शेजारी नांदले आहेत. गवई अल्लादिया खाँसाहेबांना १८९५ मध्ये दरबारात आश्रय देणारे राजर्षी शाहू महाराज आणि १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचं कलोसियम पाहून आल्यावर खासबागेचं कुस्ती मैदान बांधवून घेणारे शाहू महाराज एकच. १९१२ मध्ये मैदान तयार झालं आणि पुढं त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं, ते आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला नाट्यपद. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा रडणाऱ्यांत नाटकवाले होते तसे आम्ही कुस्तीवालेही होतो.

जगातही ठिकठिकाणी हीच जोडी दिसते. इराणच्या जुरखान्यात, म्हणजे तिथल्या तालमीत, मुर्शिद उंच बैठकीवर बसून जर्ब नावाचा ढोल वाजवतो, काव्य गातो आणि खाली पैलवान त्या ठेक्यावर मुद्गल फिरवतात. युनेस्कोनं २०१० मध्ये हा वारसा म्हणून नोंदवला. थायलंडच्या मुएथाईत लढत चढत जाते तशी वाद्यांची लय चढते. अमेरिकेत शिकागोच्या रिगली फील्डवर १९४१ मध्ये बेसबॉलच्या सामन्याला ऑर्गन वाजला, आणि पुढं मैदानामैदानांत ऑर्गनवादक आले. तिकडच्या जुन्या शौकिनांना त्यांची नावं ठाऊक असतात. मुर्शिदाला तर जुरखान्यात शिरणारा प्रत्येक पैलवान मान देतो.

आमच्याकडं यात्रेच्या पोस्टरवर पैलवानांचे फोटो असतात, देणगीदारांचे त्याहून मोठे. पंचांची नावं असतात, निवेदकाचं नाव असतं, इनामाचे आकडे असतात. हलगीवादकाचं नाव मी आजवर क्वचितच वाचलंय. त्याची बिदागी आधी ठरत नाही. कुस्ती आवडली तर कुणी नोट देतं, तेवढ्यावर भागवायचं. तबल्याची प्रवेशिका, मध्यमा परीक्षा दिलेल्या पोराला प्रमाणपत्र मिळतं. हलगीवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या घरी तसा एकही कागद सापडत नाही. आता कातड्याच्या जागी फायबर आलंय, तापवायचा त्रास वाचलाय, हे चांगलंच झालं. पण काही मैदानांत कुस्ती चालू असताना कर्ण्यावर गाणी लावतात, हे मला सहन होत नाही. रेकॉर्डला पैलवानाचा खांदा उतरलेला दिसत नाही. ती आपल्याच लयीत वाजत राहते आणि मैदानाचा कान बधिर करते.

आमच्या मित्राची नात आता हलगी शिकतेय. तिच्यावर ती कुणी लादलेली नाही, तिनं स्वतः मागून घेतलीय. आजोबा शिकवतात आणि आम्ही म्हातारे ओट्यावर बसून ऐकतो. पखवाजवाला तिला मात्रा मोजून दाखवतो. कला म्हणून, मानानं आणि आपल्या खुशीनं शिकलेली हलगी कशी वाजते, ते तिच्याकडून ऐकायला मिळतंय.

म्हणून यात्रा कमिट्यांना आणि तालमींच्या वस्तादांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या हंगामात पोस्टर छापाल तेव्हा हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणाऱ्यांची नावं पैलवानांच्या नावांखाली ठळक छापा. त्यांचं मानधन इनामासारखं आधी जाहीर करा. शेवटच्या कुस्तीनंतर विजेत्याला फेटा बांधाल तेव्हा एक फेटा हलगीवादकालाही बांधा. शाळांनी लेझमाबरोबर हलगीही शिकवावी, आणि ती कुठल्याही घरच्या पोरापोरींच्या हातात द्यावी. आणि मैदानाला येणाऱ्या माझ्यासारख्या शौकिनांनो, घरातल्या लेकराला कुठलंही एक वाद्य शिकवा. ते मोठेपणी कलावंत होवो न होवो, कुस्ती मात्र पुरती पाहील.