दिवसा लागणारे दिवे

संक्रांतीला जोडून दोन दिवस रजा टाकली आणि गावी गेलो. गाव म्हणजे भंडारा जिल्ह्यात, लाखनीपासून थोडं आत, नागपूर-रायपूर हायवे सोडून. (पुण्यातल्या मित्रांना भंडारा म्हटलं की जेजुरीचीच हळद आठवते. जिल्हा आहे रे तो. धानाचा.)

बॅग ठेवून अंगणात आलो तर शेजारचा सातवीतला पोरगा गाडीसमोर उभा.

"दादा, तुमच्या गाडीचे डोळे गेले."

म्हणजे डीआरएल, डेटाइम रनिंग लॅम्प. इंजिन सुरू केलं की आपोआप लागणारे पुढचे दोन दिवे. दोन वर्षांपूर्वी बाबांसाठी ही सेकंडहँड हॅचबॅक घेतली तेव्हा या दिव्यांसाठी मी वरचे पैसे मोजले होते, कारण गाडी राखाडी आणि हिवाळ्यात आमच्याकडचं धुकंही राखाडी. पोराला ते दिवे भारी आवडायचे.

"कधीपासून गेले रे?"

"दिवाळीपासून. मी सांगतलो होतो ना गुरुजीला."

गुरुजी म्हणजे आमचे बाबा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "रात्रीचे लाइट लागतात ना बरोबर. मला तर सगळं दिसते."

आता इथेच तर सगळी गोम आहे. हे दिवे आपल्याला दिसावं म्हणून नसतातच, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतात. ज्या देशांत हिवाळ्यात दिवसाही धड उजेड नसतो तिथे हे आधी पटलं. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसासुद्धा दिवे लावून गाडी चालवायची सक्ती केली. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून नव्या गाड्यांना डीआरएल बंधनकारक केले आणि युरोपियन युनियनने २०११ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना. आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, तो याच कारणाने. पण दिवा दुसऱ्यासाठी असला की एक पंचाईत होते. तो बंद पडला तर सगळ्या गावाला कळतं, फक्त गाडीच्या मालकाला कळत नाही. आमच्या गाडीत डॅशबोर्डवर त्याची काही सूचनाही येत नाही.

असो. इंजिनिअर मुलगा घरी आला आहे म्हटल्यावर मेकॅनिककडे जाणं म्हणजे डिग्रीचा अपमान. दुपारी जेवून गाडीचं बॉनेट उघडलं.

पहिला प्रश्न: एक दिवा गेला की दोन्ही? एकच गेला असता तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर नाहीतर अर्थिंग. दोन्ही एकदम गेले म्हणजे दोघांच्या आधीचं काहीतरी सामाईक गेलं असणार. काही गाड्यांत हँडब्रेक ओढलेला असला की डीआरएल लागत नाहीत, म्हणून आधी तो सोडून बघितला. मग हेडलाइटचा स्विच ऑफवरच आहे ना ते बघितलं, कारण हेडलाइट लावला की हे दिवे स्वतःहून विझतात. नंतर फ्यूज. दहा अँपिअरचा लाल फ्यूज चिमट्याने काढला, मीटर लावला, बीप वाजली. फ्यूज ठीक. मग रिले. शेजारी हॉर्नचा तसाच रिले होता, त्यांची अदलाबदल केली. हॉर्न वाजला, दिवे नाहीत. म्हणजे रिलेही ठीक. बल्ब दोन्ही काढले, तारा शाबूत. तरी लाखनीहून नवीन आणून लावले. अंधारच.

शेवटी बल्ब काढून होल्डरमध्येच मीटरच्या पिना घातल्या. इंजिन चालू. आकडा आला १३.९ व्होल्ट.

झकास! आता आली का पंचाईत. करंट येतोय, बल्ब नवा कोरा, आणि दिवा लागत नाही. संध्याकाळपर्यंत नेटवर वाचून मी निष्कर्ष काढला की गाडीचं कंट्रोल मॉड्यूल गेलं. त्याची किंमत बघून रात्री झोप लागली नाही.

रविवारी सकाळी बाबाच म्हणाले, "चल, लाखनीला एक काकाजी आहेत वायरिंगवाले. त्यांना दाखवू." साठी ओलांडलेला माणूस, हायवेलगत टिनाचं शेड. मी त्यांना माझा सगळा तपास ऐकवला, १३.९ सकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि खिशातून एक जुना इंडिकेटरचा बल्ब काढला. त्याला दोन वायरी डाग देऊन जोडलेल्या. बस, एवढंच हत्यार.

"तुमचा मीटर लावून धरा भाऊ. आकडा पाहत राहा."

मी धरला. १३.९. त्यांनी त्याच होल्डरला बल्बच्या वायरी टेकवल्या. बल्ब लागला नाही, पण माझ्या मीटरवरचा आकडा धाडकन एक व्होल्टच्याही खाली. वायरी काढल्या, पुन्हा १३.९.

"मीटर काही खात नाही जी," काकाजी म्हणाले, "म्हणून त्याला सगळं बरोबर दिसते. खाणारा लावून पाहा, मग कळते."

मी अक्षरशः कपाळावर हात मारला. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण दहा मेगाओहम असतो. म्हणजे तो वायरीतून मायक्रोअँपिअर-दोन मायक्रोअँपिअर करंट ओढणार. एकवीस वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, दहा लाख पटींहून जास्त. वायर कुठेतरी सडून केसाएवढा संपर्क उरला असेल तर मीटरला तो पुरतो, बल्बला पुरत नाही. दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये हे लिहून मार्क घेतले आहेत मी! आणि ऑफिसात रोज लोकांना सांगतो की एका युजरवर चाललेली सिस्टिम म्हणजे टेस्ट झालेली सिस्टिम नव्हे, लोड टाकून बघा.

आता काम सोपं होतं. काकाजी रिलेपासून पुढे वायर चाचपत निघाले आणि बॅटरीच्या ट्रेमागे थांबले. उंदराने प्लास्टिक कुरतडलं होतं, बहुतेक पावसाळ्यात. आत पाणी जाऊन तांबं हिरवं पडलेलं. वरून वायर अखंड, आत नुसती भुकटी. त्यांनी चार बोटं तुकडा कापून नवी वायर जोडली, डाग दिला, वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. दिवे लागले. मजुरी दीडशे रुपये.

मी पाकीट काढतच होतो, तर काकाजी बंपरखाली वाकले आणि जाळीतून काहीतरी ओढून काढलं. वाळलेली काळी माती, तिच्यात तनस आणि तुरीची एक काडी.

"गुरुजी, गाडी बांधीत घातली होती का जी?"

बाबा काही बोलले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "हाव. घसरली होती थोडी."

मी परतीच्या वाटेवर विचारलं. आधी टाळलं त्यांनी. मग सांगितलं. डिसेंबरातली गोष्ट. आईचे डोळे दाखवायला भंडाऱ्याला निघाले होते, नंबर लवकर लागावा म्हणून सकाळी साडेसहाला. धुकं इतकं की धुऱ्यावरची तूरसुद्धा दिसेना. समोरून एक ट्रॅक्टर येत होता आणि त्याला ओलांडत एक मोटारसायकल एकदम बाबांच्या बाजूला आली. बाबांना तिचा दिवा दिसला, म्हणून त्यांनी स्टिअरिंग डावीकडे मारलं आणि गाडी धुरा ओलांडून बांधीत गेली. मोटारसायकलवाला वाचला. ट्रॅक्टरवाल्याने दोर लावून गाडी बाहेर काढली. आईला लागलं नाही, पण हातपाय बराच वेळ कापत होते.

"पोरगा रडायलाच आला होता," बाबा म्हणाले. "म्हणे गुरुजी, तुमची गाडी मला दिसलीच नाही."

"पण बाबा, धुक्यात हेडलाइट का नाही लावला तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. "तूच सांगतला होतास ना, लाइटकडे पाहायचं काम नाही म्हणून. आपोआप लागतात म्हणून."

सांगितलं होतं. गाडी दिली त्या दिवशी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं. तीस वर्षं या माणसाने स्कूटरवर शाळा केल्या. धुकं दिसलं की आधी दिवा, मग किक, ही सवय माझ्या लहानपणापासून बघितलेली. ती सवय मी एका वाक्यात मोडली, आणि तिच्या जागी एक वायर दिली, जी उंदराने खाल्ली.

शिवाय मी अर्धवटच सांगितलं होतं. धुक्यासाठी डीआरएल पुरत नाहीतच. आमच्या गाडीत त्यांच्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकसाठी गाडी अंधारातच. धुकं असो, पाऊस असो, खालचा बीम लावायचाच. मला हे ठाऊक होतं. पण फीचर दाखवताना ते कुठे चालत नाही, आणि बंद पडलं तर कसं कळेल, हे सांगायचं राहून गेलं. ऑफिसात अशा चुकांवर मी दोन-दोन पानांचे रिपोर्ट लिहितो. गुपचूप बंद पडणारी सिस्टिम नसलेल्या सिस्टिमपेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर माणूस स्वतः बघणं सोडून देतो. हे वाक्य माझंच आहे, टीमला ऐकवलेलं.

आणि दर रविवारी फोनवर "काय बाबा, कसं काय?" "सगळं बरं आहे." हेही रीडिंग मी बिनधास्त खरं मानत होतो. डिसेंबरात चार वेळा तरी घेतलं असेल.

घरी आल्यावर आईला काही विचारलं नाही. तिने मला बघितलं आणि तिला कळलं. "तिकडे काळजी करत बसला असतास," एवढंच म्हणाली आणि तिळाचा लाडू हातावर ठेवला.

सोमवारी पहाटे बाबा मला लाखनीला सोडायला निघाले, तिथून नागपूरची बस. अंगणात धुकं उतरलेलं. निघायच्या आधी मी त्यांना समोरची चुन्याची भिंत दाखवली. इंजिन सुरू केलं की तिच्यावर उजेडाचे दोन ठिपके पडले पाहिजेत. एकच पडला किंवा पडलाच नाही तर काकाजींकडे जायचं. बाबांनी शिकवणी ऐकल्यासारखी मान डोलावली, किल्ली फिरवली, ठिपके मोजले. "दोन."

मग त्यांनी हात पुढे करून हेडलाइटचा खटका फिरवला. मी अख्खा शनिवार-रविवार घालवून लावलेले दिवे लगेच विझले, आणि गाडी खालच्या बीमवर धुक्यात निघाली.