पाणी कुठवर आलं?

जुन्या नाशकात पूर मोजायची एक पद्धत आहे. रामकुंडाजवळ, गोदेच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात आमच्या तांबट लेनमध्ये कोणी नदीवरून आलं, की पहिला प्रश्न यायचा, "पाणी कुठवर आलं?" उत्तर फुटांत कधीच नसायचं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. गळ्यापर्यंत आलं म्हटलं, की सराफ बाजारातली दुकानं माल वर चढवायला लागायची. मारुती दिसतच नाही म्हटलं, की माझे तांबट वडील, अण्णा, १९६९ सालच्या पुराची गोष्ट काढायचे.

आमच्या घरात हीच मोजणी अण्णांच्या रागासाठीही चालायची. आई चुलीपाशी बसून डोळ्यांनीच विचारायची. मी किंवा भाऊ हात कमरेला, नाहीतर छातीला लावून दाखवायचो. पुढे मी मोठी झाले तसा तोच हात माझ्या रागासाठीही वर-खाली व्हायला लागला. "बापाचंच पाणी आहे," असं वाड्यातल्या बायका म्हणायच्या. त्या किती खरं बोलत होत्या हे कळायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

२०२२ साली मी लेकीला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले होते. ती बारा वर्षांची. वह्या अर्धवट, डबा शाळेतच, आणि कुणी हलकंसं बोललं तरी तासभर रडणं. डॉक्टर प्रश्न विचारत होत्या, मी उत्तरं देत होते. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला माझा आवाजच फुटेना, कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की मी लेकीची नाही, माझी उत्तरं देतेय. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचं लहानपणीचं प्रगतिपुस्तक आहे का हो घरी?"

मोठ्या माणसाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न ठरण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, आहे असं म्हणायचं तर त्याची लक्षणं लहानपणापासून होती हे दिसावं लागतं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आधी वयाच्या सातव्या वर्षाची अट होती. २०१३ च्या आवृत्तीत ती बारा वर्षं झाली, आणि मुलांमध्ये सहा लक्षणं लागतात तिथे मोठ्यांमध्ये पाच पुरेशी धरली गेली. एडीएचडी हे आजचं नावच त्या पुस्तिकेत आलं १९८७ साली. तेव्हा मी चौथीत होते. म्हणजे बाई वर्गात माझ्या नावाने कपाळाला हात लावत होत्या, त्याच काळात साता समुद्रापार या गोष्टीचं बारसं चाललं होतं.

प्रगतिपुस्तकं आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडली. पुठ्ठ्याच्या आत, अण्णांच्या सहीशेजारी, दरवर्षीचे शेरे. दुसरी: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. चौथी: चंचल. सहावी: वस्तू हरवते, पालकांनी लक्ष द्यावे. आठवी: बुद्धी आहे, कष्ट नाहीत. दहा वर्षांत पाच बाई आणि तीन सर बदलले, आणि सगळ्यांनी एकच गोष्ट लिहून ठेवली होती. मी ती पानं जमिनीवर ओळीने मांडली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. 'कष्ट नाहीत' या दोन शब्दांनी माझ्यावर किती वर्षं राज्य केलं!

आणि तरीही, लहानपणी मी बुडाले नाही. का नाही, याचा मी गेली काही वर्षं विचार करते आहे.

आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती. नळ पहाटे यायचा आणि तो आल्याचं अकरा घरांत ओरडून सांगितलं जायचं. मला उठायला घड्याळ लागलंच नाही. शाळेची वेळ समोरच्या मावशींच्या पोळपाटावरून कळायची. त्यांच्या पोळ्या संपत आल्या, की मी दप्तर उचलायचं. छत्री विसरले तर दहीपुलाच्या टोकापर्यंत कोणीतरी पळत यायचं. चप्पल एका पायात एकीची आणि दुसऱ्यात दुसरीची, हे दारातच कोणाला तरी दिसायचं. रिकाम्या हाताने दुकानातून परत आले, की "काय आणायला गेली होतीस?" असं विचारायला जिन्यावर माणूस असायचंच. माझी आठवण माझ्या डोक्यात नव्हतीच. ती त्या अकरा घरांत वाटून ठेवलेली होती.

आणि आवाज! तांबट लेनमधला तो हातोड्यांचा ठोका. सकाळी सुरू झाला की दुपारच्या जेवणाला थांबायचा, पुन्हा दिवेलागणीपर्यंत. बाहेरची माणसं कानात बोटं घालायची. मी मात्र त्याच आवाजात गणितं सोडवायची. दहावीला कोणीतरी सांगितलं म्हणून आठवडाभर सार्वजनिक वाचनालयात अभ्यासाला गेले. १८४० सालची ती संस्था, केवढी शांतता! त्या शांततेत माझं मन पंख्याच्या पात्यावर, शेजारच्याच्या खोकल्यावर, कपाटावरच्या आकड्यांवर फिरत राहिलं. आठवड्यानंतर मी परत अण्णांच्या ठोक्यांपाशी येऊन बसले. लक्ष ठरत नसलेल्या मुलांना सलग गोंगाटात काम अधिक चांगलं जमतं, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं. मी ते वाचलं तेव्हा मला अण्णांची खूप आठवण आली.

आता आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी कोणी ओरडत नाही. फोनमध्ये अकरा गजर आहेत. हा आकडा मी मुद्दाम ठरवला नव्हता. एकदा मोजले तेव्हा अकरा निघाले. गजर वाजतो, मी तो बंद करते आणि कशासाठी वाजला ते विसरते. गजर जिन्यात उभा राहून "काय आणायला गेली होतीस?" विचारत नाही.

पण वाड्याचे फार गोडवे गाणं मला जमणार नाही. जी माणसं छत्री घेऊन पळत यायची, तीच संध्याकाळी ओट्यावर माझ्या धांदरटपणाचे किस्से सांगायची. पायाला भिंगरी, अंगात वारं, वेंधळी, नाकावर राग. मुलगी असल्यामुळे शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, सासरी कसं व्हायचं हिचं. त्यांनी मला सांभाळलं हे खरं. मला काय होतंय हे मात्र त्यांच्यातल्या कुणाला कळलं नाही, आणि कळण्यासारखं तेव्हा त्यांच्या हाताशी काही नव्हतं.

रागाबद्दल लिहायला मला अजूनही जड जातं. विसरभोळेपणावर माणसं हसतात. रागाला कोणी माफ करत नाही, आणि करावं तरी का?

मी पाचवी-सहावीत असतानाची गोष्ट. एका लग्नासाठी मोठं तपेलं घडवायचं काम अण्णांकडे होतं. चार दिवस ते त्यावर बसून होते. अण्णांना तेच काम साधायचं. ठोका मारला की त्याचा परिणाम तिथल्या तिथे डोळ्यांपुढे दिसतो, पुढचा ठोका कुठे ते हातालाच कळतं. त्यांना वेळेचं भान नव्हतं, पैशांचं नव्हतं, पण तांब्यापाशी ते तासन् तास ठरायचे. गिऱ्हाईक आलं, तपेलं फिरवून बघितलं आणि म्हणालं, "काठ जरा वाकडा वाटतो." अण्णांनी तपेलं त्याच्या हातातून घेतलं आणि भर लेनमध्ये भिरकावलं. दगडावर आपटून त्याला एका बाजूला खोल पोचा पडला. गिऱ्हाईक निघून गेलं. सगळी लेन गप्प झाली, समोरचा ठोकासुद्धा थांबला.

त्या रात्री मला जाग आली ती हलक्या ठोक्यांनी. अण्णा कंदील ठेवून तो पोचा काढत होते. गाल ओले होते. सकाळी उशाशी जिलेबीचा पुडा होता. राग आल्यानंतरची जिलेबी आमच्याकडे नेहमीची होती. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

माझं तपेलं म्हणजे माझी चुलतबहीण. १९९६ साली तिच्या हळदीच्या दिवशी तिने सगळ्यांसमोर माझी थट्टा केली. थट्टाच होती. मी तिच्या सासरच्या माणसांदेखत तिला एक वाक्य बोलले. त्या वाक्यातला एकही शब्द मला खरा वाटत नव्हता. बोलतानाच मला ते कळत होतं आणि तरी तोंड थांबत नव्हतं. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. मी जिलेबीसुद्धा नेली नाही.

एडीएचडीत मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे थांबवणारा, क्रम लावणारा भाग, गरजेच्या क्षणी उशिरा पोचतो. भावना मात्र वेळेवर येते, पूर्ण जोराने. अमेरिकेत युटा इथल्या पॉल वेंडर यांनी मोठ्यांमधल्या या विकाराचे निकष बांधताना चटकन भडकणं आणि सारखी बदलणारी मनःस्थिती यांना त्यांत जागा दिली होती. अधिकृत पुस्तिकेच्या मुख्य लक्षणांत मात्र राग आजही नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. हरवलेल्या किल्ल्यांनी माझं आयुष्य बिघडलं नाही. बोललेल्या वाक्यांनी बिघडलं.

नोकऱ्यांचं थोडक्यात सांगते. कॉलेज मध्येच सुटलं. मुक्त विद्यापीठामुळे २००३ साली एकदाची पदवी झाली. अकरा वर्षांत सहा नोकऱ्या. प्रत्येक ठिकाणी पहिले तीन महिने माझ्यासारखं माणूस नाही, आणि मग एके दिवशी एका वाक्यावरून राजीनामा.

२००६ मध्ये वाडा रिकामा झाला. आम्ही पाथर्डी फाट्याला आलो, आई-अण्णा भावाकडे गेले. २००९ मध्ये अण्णा गेले. त्यानंतरच्या वर्षांत मी इतकी का ढासळले, हे तेव्हा मला कळत नव्हतं. नैराश्याचे उपचार दोनदा झाले, थोडं बरं वाटलं, पुन्हा तेच. आता वाटतं, अकरा घरांचा टेकू निघाला आणि अण्णांचा ठोकाही थांबला. भिंत आधीपासूनच एकटी उभी राहू शकत नव्हती.

माझं निदान झाल्यावर लोक म्हणाले, बरं झालं, सुटलीस. सुटका झाली, पण आधी खूप रडू आलं. त्या आठवीतल्या मुलीसाठी आलं. २०२४ मध्ये मल्याळी अभिनेते फहाद फासिल यांनी केरळात कोथमंगलमच्या एका कार्यक्रमात जाहीरपणे सांगितलं की त्यांना एक्केचाळिसाव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं. मी ती बातमी लेकीला मोठ्याने वाचून दाखवली. इतक्या शांतपणे हे चारचौघांत सांगता येतं, हे मला तिला ऐकवायचं होतं.

औषध मिळवणं हे वेगळंच काम. मला लिहून दिलेलं मिथाइलफेनिडेट हे कडक नियंत्रणाच्या परिशिष्ट एक्समधलं औषध. त्याला चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि ते ठेवायला वेगळा परवाना लागतो. गोळे कॉलनीत औषधांच्या दुकानांची रांगच्या रांग आहे, तिथेही मला बरंच फिरावं लागलं. लक्ष न ठरणाऱ्या माणसाला त्याचं औषध इतक्या बारकाईने कागद सांभाळून मिळवावं लागतं, हे कोणीतरी नीट विचारात घ्यायला हवं.

आईला गोळ्यांचं सांगितलं तेव्हा ती घाबरली. "किती दिवस घ्यायच्या गं?"

मी म्हटलं, "आई, कल्हई किती दिवस टिकते?"

ती तांबटाची बायको. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ताक कळकतं, हे तिला मी काय सांगणार? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या अण्णांना कुणी करून दिली असती तर."

अण्णांना एडीएचडी होता असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाचं निदान घरी बसून करू नये. पण जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की हा विकार उतरण्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश आहे, जवळजवळ उंचीइतका. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असं कोणी म्हटलं, की मला कंदिलाच्या उजेडात पोचा काढणारे अण्णा दिसतात. तेव्हाही होतं. तांबट लेनमध्ये त्याला पोटापुरतं काम मिळत होतं आणि रात्री एकट्याने रडायचं होतं.

आता गंगापूर धरणातून पाणी सोडायचं झालं की आधीच फोनवर येतं, इतके क्युसेक सोडले, नदीकाठच्यांनी सावध राहावं. मी माझ्या बाबतीत तेवढंच शिकते आहे. कान गरम होतात, जबडा आवळतो, बोलण्याचा वेग वाढतो. तिथेच "दहा मिनिटं" म्हणायचं आणि गॅलरीत जायचं. दहापैकी सहा वेळा जमतं. लेक दाराशी येऊन विचारते, "आई, पाणी कुठवर आलं?" मी हात छातीला लावून दाखवते, थोड्या वेळाने कमरेला. तिचंही मी विचारते. तिने अण्णांना कधी बघितलं नाही.

अण्णांचं ते तपेलं माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात कल्हई करून घ्यायला मी आणि लेक जुन्या गावात गेलो. आता लेनमध्ये हातोडे थोडेच ऐकू येतात, स्टीलची आणि भेटवस्तूंची दुकानं जास्त. एका म्हाताऱ्या काकांनी चष्मा लावून तपेलं उजेडात फिरवलं आणि पोटाच्या एका बाजूला अंगठा ठेवला.

"सगळं काम एका हाताचं आहे ताई. पण इथले ठोके निराळे आहेत. फार हळू मारलेत."

लेकीने तिथे बोटं फिरवून बघितली.

"गुरुवारी संध्याकाळी या," काका म्हणाले. मी दुकानात उभी राहूनच गजर लावला. लेकीने पेन मागून घेतलं आणि माझ्या तळहातावरही लिहून ठेवलं.