एक गुण

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी एका गुणाने हरला आहात का?

दहा-पंधरा गुणांनी हरलेला खेळाडू रात्री शांत झोपतो. समोरचा संघ आपल्यापेक्षा चांगला होता, हे त्याला पटलेले असते. एका गुणाने हरलेल्याला मात्र झोप येत नाही. तो अंथरुणात पडून पुन्हा पुन्हा तोच सामना खेळतो. येथे थोडे थांबलो असतो तर? तेथे हात थोडा लांब केला असता तर? आणि मग कोणाला तरी दोष देऊन तो मोकळा होतो. मीही असाच मोकळा झालो होतो. त्याची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

माझे गाव हिवरखेड. ते अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. आमच्या घराच्या गच्चीवरून उत्तरेकडे डोंगरांची निळी रांग दिसते. गावाभोवती कपाशीची शेते आहेत. मी शाळेत होतो तेव्हा अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी आमच्या स्टेशनावर थांबत असे.

गावाच्या कडेला आमचे कबड्डीचे मैदान होते. मैदान म्हणजे काय, काळ्या मातीचा एक मोकळा तुकडा! पावसाळ्यात तेथे पाय रुतत आणि हिवाळ्यात भेगा पडत. दिवाळी झाली, की आम्ही सगळे मिळून त्या भेगा बुजवत असू. पाणी शिंपडून जमीन चोपत असू आणि पांढऱ्या फक्कीने रेघा आखत असू. मग आमचा हंगाम सुरू होई.

आमच्या संघात काही मुले उर्दू शाळेची होती, काही मराठी शाळेची. मी उर्दू शाळेत नववीत होतो. तुमच्याप्रमाणेच मीही मराठी शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकत होतो. पण खरे सांगू? ती मला आधी मैदानावर आली. ‘चढाई’, ‘पकड’, ‘लोण’ हे शब्द मी पुस्तकात वाचले नाहीत. ते मी गुडघे खरचटून शिकलो. दम आणि हिंमत हे दोन शब्द तर दोन्ही भाषांत सारखेच होते.

गावातले एक शिक्षक आम्हांला खेळ शिकवत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते फार कमी बोलत. त्यांच्याजवळ एक जाड वही असे. प्रत्येक सामन्यात कोणी कोणता गुण मिळवला आणि कोणी कोणता गमावला, हे ते त्या वहीत लिहून ठेवत. एकदा ते आम्हांला म्हणाले, “आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेले होते. तेथे त्यांनी आपले देशी खेळ जगाला दाखवले. त्यांत कबड्डीही होती. तेव्हा या मातीवर उभे राहताना नीट उभे राहा.” त्या दिवसापासून आम्ही मैदानात शिरताना मातीला हात लावू लागलो.

१९९३ सालचा तो हिवाळा मला चांगला आठवतो. आजूबाजूच्या गावांत आम्ही सहा सामने खेळलो. तीन जिंकले, दोन हरलो, एक बरोबरीत सुटला. एकाही सामन्यात चारपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला नाही. जिंकलो तरी छाती धडधडत असे आणि हरलो तरी पुढच्या सामन्याची आशा वाटे. हंगामातली शेवटची स्पर्धा आमच्याच गावात होती. आम्ही तिच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो.

त्या दिवशी सारे गाव मैदानाभोवती जमले होते. माझे चुलतभाऊ आणि मामू पुढच्याच रांगेत बसले होते. सामना अगदी चुरशीचा झाला. शेवटी दोन्ही संघांचे तेवीस-तेवीस गुण झाले. वेळ संपत आली होती. चढाई आमची होती. आमच्या संघात माझा एक जिवलग मित्र होता. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही. तो आमचा सर्वांत चांगला चढाईपटू होता. तो मध्यरेषा ओलांडून आत गेला. “कबड्डी, कबड्डी” हा त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. तो नेहमीपेक्षा थोडा अधिक खोल गेला. डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याचा घोटा पकडला. मागोमाग तिघे अंगावर आले. त्याने सगळे शरीर मध्यरेषेकडे झोकून दिले. पण त्याची बोटे रेषेपासून एक वीत अलीकडेच राहिली.

चोवीस-तेवीस. आम्ही एका गुणाने हरलो. ढाल दुसऱ्या गावाला गेली.

“एका पोराने ढाल घालवली,” असे लोक म्हणू लागले. तो मान खाली घालून मातीत बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “तू उगाच इतका आत गेलास!” त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींनी आम्हांला मैदानावर बोलावले. माझा मित्र आला नव्हता. तो आईबरोबर कापूस वेचायला गेला होता. गुरुजींनी वही उघडली आणि प्रश्न केला, “काल आपण कोणामुळे हरलो?” आम्ही सगळे गप्प राहिलो, पण आमच्या मनात एकच नाव होते.

गुरुजी म्हणाले, “शेवटच्या चढाईत गेला तो त्यांचा चोविसावा गुण. आधीचे तेवीस त्यांना कोणी दिले?”

मग ते वहीतील एकेक ओळ वाचू लागले. त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही. फक्त जागा सांगितल्या. “डावा मध्यरक्षक. पकड सुटली. एक गुण.” ऐकता ऐकता आम्ही एकेक जण खाली पाहू लागलो. मग त्यांनी वाचले, “उजवा कोपरा. पहिला डाव, सहावे मिनिट. पाय रेषेबाहेर. एक गुण.”

मित्रांनो, उजव्या कोपऱ्यात मी खेळत असे. सहाव्या मिनिटाला मामूंनी मला हाक मारली होती. मी ऐटीत वळून हसलो होतो आणि माझा पाय फक्कीच्या रेघेबाहेर पडला होता. मला कोणी ढकलले नव्हते की ओढले नव्हते. तो गुण मी स्वतःच्या हाताने देऊन टाकला होता. सामन्याच्या सुरुवातीला गेलेला तो गुण कोणाच्याच लक्षात राहिला नाही, माझ्यासुद्धा!

शेवटी गुरुजींनी आम्ही मिळवलेल्या गुणांची यादी वाचली. आमच्या तेवीस गुणांपैकी अकरा गुण एकट्या माझ्या मित्राचे होते.

त्याचे घर आमच्या घरापासून फक्त दोन गल्ल्या पलीकडे होते. मी त्याच रात्री त्याच्याकडे जाऊन हे सांगायला हवे होते. मी घरातून निघालोही. पण पहिल्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो. सगळ्यांसमोर बोललेले शब्द परत कसे घ्यायचे? मला लाज वाटली. उद्या सांगू, असे म्हणून मी परतलो. तो उद्या आलाच नाही. पुढच्या दिवाळीनंतर मैदानाच्या भेगा बुजवायला माझा मित्र आला नाही. त्यानंतर तो कधीच खेळला नाही.

वर्षे गेली. मी नोकरीसाठी अकोल्याला आलो. तो गावातच शेती करू लागला. भेटलो, की आम्ही पाऊसपाण्याबद्दल बोलत असू. कबड्डीबद्दल कधीच नाही.

इकडे कबड्डीचे दिवस पालटले. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीतला खेळ छपराखाली, दिव्यांच्या झगमगाटात, मॅटवर आला. महाराष्ट्राचे दोन संघ त्यात खेळतात, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. माझ्या मित्राचा मुलगाही कबड्डी खेळतो. तो पलटणचा चाहता आहे.

१७ डिसेंबर २०२२ रोजी शनिवार होता. मी गावी गेलो होतो. त्या रात्री मुंबईत पुणेरी पलटण आणि जयपूर पिंक पँथर्स यांचा अंतिम सामना होता. मुलाला घेऊन माझा मित्र आमच्या घरी टीव्ही पाहायला आला. पलटणने उपांत्य सामना तमिळ थलायवाज संघाविरुद्ध ३९-३७ असा, केवळ दोन गुणांनी जिंकला होता. अंतिम सामना मात्र ती ३३-२९ अशी हरली. चार गुण कमी पडले.

मुलगा रडवेला झाला. “काका, पलटण कोणामुळे हरली?” त्याने मला विचारले.

मी उत्तर देण्याआधीच त्याचे वडील म्हणाले, “असं इचारू नये, बाबू. म्या एकडाव सारं गाव हरवलं होतं. मले मालूम हाये ते कसं लागते.”

ते ऐकून माझ्या घशाशी आवंढा आला. मी म्हणालो, “तू नाही हरवलेस. आधीचे तेवीस गुण आम्ही दिले होते. त्यांतला एक माझा होता.” मग मी त्याला गुरुजींची वही, सहावे मिनिट, मामूंची हाक, सगळे सगळे सांगितले.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मंग तवाच काऊन नाही सांगतलं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, “माहे किती लिहिले होते गुरुजीनं?”

“तेविसांपैकी अकरा.”

“अकरा?” त्याने मुलाकडे पाहिले आणि पुन्हा हळूच म्हणाला, “अकरा!”

त्यानंतर त्या मुलानेही एक वही केली. त्यात तो पलटणचे गुण लिहू लागला. त्याच्या वहीमुळे मलाही पुष्कळ गोष्टी कळल्या. त्या हंगामांत साखळी सामना जिंकल्यास पाच गुण मिळत आणि बरोबरी झाल्यास तीन. सामना हरला, पण फरक सात गुणांचा किंवा त्याहून कमी असला, तर हरलेल्या संघालाही एक गुण मिळे. किती छान नियम! शेवटपर्यंत झुंजणाऱ्याची झुंज गुणतक्त्यात दिसत असे. २०२२ साली साखळीत पलटण चौदा सामने जिंकली, सहा हरली आणि दोन बरोबरीत सुटले. विजयाचे सत्तर आणि बरोबरीचे सहा मिळून शहात्तर गुण होतात. पण तक्त्यात तिचे ऐंशी गुण होते. वरचे चार कोठून आले? सहापैकी चार पराभव अगदी थोडक्यात झाले होते. ते चार गुण त्या चार झुंजींचे.

पुढचे वर्ष तर फारच मजेचे होते. पलटणचा चढाईपटू अस्लम इनामदार हा आपल्याच महाराष्ट्रातला, तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तेथे तो भारताच्या संघात होता. अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवून सुवर्णपदक जिंकले. गुण किती होते माहीत आहे? ३३-२९! ज्या आकड्यांनी पलटण हरली होती, त्याच आकड्यांनी भारत जिंकला. इराणच्या संघात फजल अत्राचली होता. आदल्या वर्षी पलटणचा कर्णधार होता तोच. बिचारा दोन्ही वेळा ३३-२९ असाच हरला.

त्यानंतरच्या हंगामात पलटणचे कर्णधारपद अस्लमकडे आले. बावीस साखळी सामन्यांत सतरा विजय, तीन बरोबरी आणि फक्त दोन पराभव. गुण झाले शहाण्णव. तुम्हीच हिशेब करून पाहा. ते दोन पराभवही सातच्या आतलेच होते. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. मित्राच्या मुलाने मला फोन केला. आनंदाने त्याला बोलता येत नव्हते.

पण खेळ तेथे संपत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम सामन्यात गेली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. या वेळी फजल दिल्लीकडून खेळत होता. दोनदा चार गुणांनी हरलेला फजल आता तीन गुणांनी जिंकला. मी मुलाला फोन केला. मला वाटले, तो रडत असेल. तो म्हणाला, “काका, मी वही घेऊन बसलो आहे. गुण कोठे गेले ते पाहतो आहे. बाबाही शेजारी बसले आहेत.”

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही खेळाल. कधी एका गुणाने जिंकाल, कधी एका गुणाने हराल. जिंकाल तेव्हा आनंद करा. हराल तेव्हा गुणपत्रक मागून घ्या आणि त्यात आधी आपला स्वतःचा गुण शोधा. तो कोठे ना कोठे सापडेलच. आणि ज्या मुलाला सगळे दोष देत असतील, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जा.

मला दोन गल्ल्या ओलांडायला एकोणतीस वर्षे लागली.